शेवटचा ठोसाच लक्षात राहतो

संपादक महोदय,
19 मार्च 2021 रोजी पणजीत कॅसिनो बोटीच्या गच्चीवर आपला मुष्टियोद्धा विजेंदर सिंग रशियाच्या आर्तिश लोपसानकडून हरला. व्यावसायिक कारकिर्दीत सलग 12 विजयांनंतरची ही पहिलीच हार. दुसऱ्या दिवशी नाक्यावर ‘संपला तो’ ऐकलं आणि जीव तुटला. नोव्हेंबर 2019 नंतर तो रिंगणात उतरलाच नव्हता, हे कुणी बोलेना. क्रिकेटपटूला आठवड्याभरात दुसरा डाव मिळतो. मुष्टियोद्ध्याला वर्ष-वर्ष नाही. मी तरुणपणी खेळलोय. सहा महिने ग्लोव्हज सुटले की ठोसा येताना दिसतो, पण मान वेळेवर हलत नाही! बीजिंगचं 2008चं कांस्य, मुष्टियुद्धातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक, याच माणसाने आणलंय.

– एक जुना मुष्टियोद्धा, म्हापसा