रिकाम्या पदांची किंमत

संपादक महोदय,

जगभरात लोकशाहीची पीछेहाट होत असल्याची चर्चा बहुधा निवडणुका आणि नेत्यांच्या हुकूमशाही वृत्तीपाशी येऊन थांबते. घटनेने निर्माण केलेली पदे वेळेवर भरली जातात की नाही, हा प्रश्न मला तितकाच निकडीचा वाटतो आणि त्याची साक्ष ट्युनिशिया व दक्षिण कोरिया हे दोन देश देतात.

ट्युनिशियाच्या २०१४ च्या घटनेने वर्षभरात घटनात्मक न्यायालय स्थापन करण्याचे बंधन घातले होते. पण संसदेला आपल्या वाट्याचे चार न्यायाधीश दोन तृतीयांश बहुमताने निवडायचे होते आणि पक्षांच्या ओढाताणीत वर्षानुवर्षे केवळ एकाच नावावर एकमत झाले. २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आणीबाणीच्या तरतुदीचा आधार घेऊन संसद स्थगित केली, तेव्हा त्याच तरतुदीनुसार संसदेचे अधिवेशन चालू राहणे बंधनकारक होते. मात्र तसा निवाडा देणारे न्यायालयच अस्तित्वात नव्हते. संसदेचे सभापती रशीद घन्नुशी यांना सैनिकांनी फाटकावरच अडवले. पुढच्याच वर्षी सईद यांनी सर्वाधिकार स्वतःकडे घेणारी नवी घटना सार्वमताने मंजूर करून घेतली. त्या सार्वमतात जेमतेम ३० टक्के मतदारांनी भाग घेतला.

दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा तेथील सभापती वू वोन-शिक यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुंपण ओलांडून संसद गाठली. सैनिक खिडक्या फोडून आत शिरत होते, कर्मचारी टेबलखुर्च्या रचून वाट अडवत होते, आणि तरीही ठरावात पुढे कोणाला खोट काढता येऊ नये म्हणून सभापतींनी रीतसर प्रक्रिया पूर्ण करूनच मतदान घेतले. उपस्थित सर्व १९० सदस्यांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिले. हे धैर्य वंदनीय आहेच. पण तेथेही त्या वेळी घटनात्मक न्यायालयातील नऊपैकी तीन जागा रिक्त होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. यून यांना पदच्युत करण्यासाठी किमान सहा न्यायाधीशांचे मत आवश्यक असल्याने उरलेल्या सहांपैकी एकानेही विरोध केला असता, तर संसदेने पुढे यून यांच्यावर आणलेला महाभियोग बारगळला असता. बऱ्याच वादानंतर वर्षअखेरीस दोन जागा भरल्या गेल्या आणि ४ एप्रिल २०२५ रोजी आठही न्यायाधीशांनी एकमताने यून यांना पदावरून दूर केले.

आपल्याकडेही घटनेच्या अनुच्छेद ९३ नुसार लोकसभेने शक्य तितक्या लवकर उपाध्यक्ष निवडणे अपेक्षित असताना, २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेची संपूर्ण मुदत त्या पदाविना गेली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तिचा कारभार साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिला. रिक्त असलेली घटनात्मक पदे, ती केव्हापासून रिक्त आहेत आणि ती भरण्याची जबाबदारी कोणाची आहे, याची नोंद आपल्या वृत्तपत्राने दर महिन्याला ठळकपणे प्रसिद्ध करावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा