नवे डॉक्टर औषधात नाही, कागदावर अडतात

मा. संपादक,
स. न.

बाँडवर, म्हणजे शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायची लेखी हमी देऊन, आलेले डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, दहा लाख दंड भरून मोकळे होतात वगैरे तुमच्या पेपरात वाचलं. असतील तसेही, पण जी पोरं-पोरी खरंच येतात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. माझी नोकरी ग्रामीण रुग्णालयात गेली, आता रिटायर आहे. नवीन डॉक्टर पहिल्या महिन्यात कुठे अडतो ते बघत आलोय. औषधात नाही अडत हो, कागदावर अडतो.

खरं तर इंटर्नशिपचं वर्ष यासाठीच असतं, पण आता ते 'नीट-पीजी'च्या, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाचं वर्ष झालंय, सही करायची आणि लायब्ररी गाठायची. पोरांना तरी काय बोलणार, पीजी नसेल तर घरचेसुद्धा विचारतात की पुढे काय.

मग पहिला मृत्यूचा दाखला लिहायची वेळ येते आणि कारणाच्या रकान्यात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास थांबला, एवढं लिहून मोकळे. अरे बाबा, ते तर प्रत्येकाचंच थांबतं, कारण कुठंय? दवाखान्यातल्या मृत्यूचा दाखला नमुना ४ वर असतो, त्यात वरच्या ओळीत ज्याने शेवटी जीव गेला ते आणि खाली खाली त्याचं मूळ लिहायचं असतं, म्हणजे वर सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), त्याखाली पायाचं गँगरीन, त्याखाली मधुमेह. घरी वारलेल्या माणसासाठी नमुना ४-अ, आणि तो शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्याने द्यायचा. ज्याला कधी तपासलंच नाही त्याचा दाखला सरपंचाने कितीही गळ घातली तरी द्यायचा नाही, आणि काही संशयास्पद वाटलं तर सरळ पोलीस ठाण्याला कळवायचं. आजारपणाच्या सर्टिफिकेटवर मागची तारीख टाका म्हणणारेही याच दारातून येतात, त्यांनाही तेच उत्तर.

विषबाधा, भाजणं, अपघात, मारामारी आली की उपचार आधी आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या केसची (मेडिको-लीगल केस) नोंद, लगेच. पोलिसांना किती वाजता कळवलं, कुणाला कळवलं, त्या पोलिसाचा बकल नंबर (ओळख क्रमांक) काय, सगळं केसपेपरवर पाहिजे. जखम फूटपट्टी लावून सेंटिमीटरमध्ये लिहा, डावं-उजवं नीट बघून. कोर्टाचं समन्स काही वर्षांनी येतं, तेव्हा पेशंटचा चेहराही आठवत नाही, तुमचा कागदच काय तो बोलतो.

साप चावलेल्याचं बघा. दोन एमएल रक्त काचेच्या नव्या कोरड्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचं विष धरून एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू, त्याची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवून. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही, रिझल्ट चुकतो. आणि गोठलं म्हणजे सुटलो असंही नाही, मण्यारच्या विषात रक्त नीट गोठतं पण पापण्या जड व्हायला लागतात, म्हणून पेशंटला वर बघायला सांगत राहायचं, दरवेळी घड्याळ बघून नोंद करायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं विंचूदंशाचं काम लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात गेलं ते कोकणातल्या अशाच पेशंटच्या नोंदींवर, मुंबईच्या एसीत बसून नाही.

पेशंट सिरियस असेल तर दारात उभं राहून दहा जणांना सांगू नका, घरातल्या एका जाणत्या माणसाला बसवून सांगा आणि काय सांगितलं ते लिहून त्याची सही घ्या. राडा टळेलच याची गॅरंटी नाही, २०१० चा डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा कायदा आहे पण तो मार खाल्ल्यानंतर कामाला येतो.

कॉलेजांना एवढंच सांगणं आहे की इंटर्नशिपच्या शेवटी चार दिवस तरी पोरांना कोरे नमुने, जुने एमएलसी रजिस्टर आणि एखादा कोर्टात जाऊन आलेला मेडिकल ऑफिसर यांच्यासमोर बसवा, यासाठी मंत्रालयातून जीआर यायची वाट बघू नका. आणि पोरांनो, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला तीस क्रेडिट पॉइंट (परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण) लागतात, ते शेवटच्या महिन्यात गोळा करत पळू नका. इंडेम्निटी पॉलिसी (पेशंटने दावा लावला तर कामी येणारा विमा) मात्र पहिल्याच पगारातून काढा, मोबाईल नंतर घ्या.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. सातारा