ती नसते त्या खोलीत

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मीटिंगमध्ये त्या काळ्या सहकारी बाईचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला, तू गप्प बसलास आणि नंतर कॉफीच्या मशीनपाशी तिला हळूच ‘वाईट वाटलं’ म्हणालास. आता विचारतोस, चुकलं कुठे? वेळ चुकली आणि जागाही चुकली. श्रेय ज्यांच्यादेखत गेलं त्यांच्यादेखतच ते परत यायला हवं होतं. कोपऱ्यातल्या सहानुभूतीने तुझं मन हलकं झालं, तिच्या पदरात काही पडलं नाही.

वाक्य साधंच लागतं: ‘हा मुद्दा मघाशी हिनेच मांडला होता, पुढचं तिच्याकडून ऐकू या.’ पहिल्या अर्ध्यात श्रेय परत जातं, दुसऱ्यात बोलायची पाळी. बरेच जण दुसरा अर्धा विसरतात आणि स्वतःच त्या मुद्द्यावर प्रवचन झोडतात. म्हणजे श्रेय एकाने पळवलं, वेळ दुसऱ्याने. शिवाय हे तिथल्या तिथे व्हायला हवं. विषय पुढे सरकला की तेच वाक्य कुरापत वाटतं. हुकलंच, तर मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा लेखी वृत्तांत, येतील तेव्हा तिच्या नावानिशी दुरुस्ती सुचव, सगळ्यांना दिसेल अशी.

तुझं दुसरं म्हणणं असं, की मी अमेरिकेत उपरा, व्हिसावरचा माणूस, मला कसलं आलंय प्रिव्हिलेज? या शब्दाने उगाच घोळ होतो. त्यात कुणी तुला काही बक्षीस दिलं असा आरोप नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घे. चिमट्यातून तांबडा आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार जातो आणि पलीकडे किती पोचला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधला जातो. पण त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि यंत्राचं गणित बसवताना काळी त्वचा फारशी कुणी धरली नव्हती. 2020 साली मिशिगनमधल्या डॉक्टरांनी यंत्रावरचे आकडे आणि रक्ताच्या थेट तपासणीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन 88च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या 3.6 टक्के मोजण्यांत निघालं आणि काळ्या रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत. यात कुणाच्या मनात द्वेष शोधायची गरजच नाही. एकाला आकडा बरोबर मिळतो, आणि आपल्याला बरोबर मिळतोय हे त्याला कधी कळायचंही कारण पडत नाही. प्रिव्हिलेज म्हणतात ते एवढंच.

घरांचंही तसंच. 1930च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे करून काळ्यांच्या वस्त्या तांबड्या रंगवल्या, म्हणजे तिथलं कर्ज धोक्याचं. 1968च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवला, पण तोवर गोऱ्यांच्या एका पिढीची घरं झाली होती आणि काळ्यांची राहिली होती. घर वारशाने जातं. नसलेलं घरही तसंच जातं म्हण ना.

आणि तुझा व्हिसा? 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. 1946मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला 100 जणांचा कोटा. ते खऱ्या अर्थाने उघडलं 1965च्या कायद्याने, आणि तो आला काळ्यांच्या लढ्याने मिळवलेल्या 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ. रस्त्यावर मार कोणी खाल्ला आणि त्या वाटेने विमानतळावर उतरलं कोण, हे तूच ताडून बघ. वर आपले लोक म्हणतात, ‘आम्ही कष्टाने वर आलो, त्यांना काय झालं?’ अरे, व्हिसानेच पदव्या बघून माणसं निवडली. चाळणीतून पडलेल्या दाण्यांनी अख्ख्या शेताशी स्पर्धा सांगावी, तसला प्रकार.

आता मला मुख्य जे सांगायचं आहे ते. तू तिच्या उपयोगी कुठे पडशील? मोर्चात माणसं पुष्कळ असतात. तिला जिथे कधीच शिरता येणार नाही अशी एक खोली आहे: शनिवारी संध्याकाळी मराठी घरी जमलेली मंडळी. तिथे घर घ्यायचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘त्या भागात नको रे, तिकडे सगळी *ती* वस्ती आहे.’ किंवा ‘शाळा चांगल्या नाहीत’, ज्याचा अर्थ टेबलाभोवती सगळ्यांना कळतो. ग्राहकाचा वंश बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवायला घरांच्या एजंटला तोच 1968चा कायदा मनाई करतो. आपल्या दिवाणखान्याला तो लागू नाही. ‘कल्लू’ हा शब्द ऐकून समजणारा तिच्या बाजूचा माणूस तिथे तू एकटाच असू शकतोस.

तिथे भाषण ठोकू नकोस; यजमान ओशाळतात, बोलणारा हट्टाला पेटतो आणि पुढच्या वेळी तुला बोलावत नाहीत. भाबडा प्रश्न विचार: ‘ती म्हणजे कोणती?’ आणि मग खरोखरच गप्प राहा. उत्तर द्यायचं तर त्याला मनातला शब्द तोंडाने उच्चारावा लागतो आणि बहुतेक जण तिथेच ‘जाऊ दे’ म्हणतात. ‘कल्लू’सारखा शब्दच वापरला असेल तर आवाज न चढवता, ‘हा शब्द नको, पोरं ऐकतायत.’ अगदी जवळचा माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी फोन कर. एकट्यात माणूस जास्त ऐकतो. ‘तो त्यांचा प्रश्न’ असं कुणी म्हणालंच, तर सांग की जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ 1873मध्ये छापली तीच अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण करून. मराठीत हा प्रश्न परका राहिला नाही, त्याला दीडशे वर्षं उलटली.

मात्र तिच्यासमोर ‘आमच्याकडे जात आहे, मला सगळं कळतं’ हे सुरू करू नकोस. तुलना खरी असली तरी त्या क्षणी तिच्या गोष्टीचा विषय बदलतो. ‘मला रंग दिसतच नाही’ हे त्याहून वाईट. तिला जे रोज भोगावं लागतं ते तुला दिसत नाही, अशी ती कबुली होते.

रस्त्यात किंवा गाडीत कुणी तिला छळत असेल तर छळणाऱ्याशी वाद घालणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. तिच्या शेजारी जाऊन वेळ विचार, ओळख असल्यासारखं बोल; त्याची लय तुटते. नाहीतर गार्डला बोलाव. जिवाला धोका नसेल तर पोलिसांना फोन करण्याआधी तिला विचार, कारण काळ्या माणसाला पोलीस येणं हा दुसरा धोका वाटू शकतो. दुसरं कुणी मदतीला असेल तर व्हिडिओ घे: अंतर ठेवून, हात स्थिर, जागेची पाटी टिपून, तारीख-वेळ तोंडाने सांगून. लाइव्ह करायचं नाही, तिला द्यायचा, पुढचं ती ठरवेल. मिनियापोलिसमध्ये 25 मे 2020ला जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या पत्रकात ‘वैद्यकीय प्रसंग’ असंच लिहिलं होतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या 17 वर्षांच्या मुलीच्या फोनने ते खोटं पाडलं.

नोकरभरतीच्या पॅनेलवर तुला घेतलंय म्हणतोस. 2004 साली छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोत सुमारे 5000 बनावट बायोडेटा पाठवले होते. मजकूर तोलामोलाचा, फक्त नावं काहींवर गोरी वाटणारी आणि काहींवर काळी. गोऱ्या नावाला साधारण 10 अर्जांमागे एक फोन आला, काळ्या नावाला 15मागे. म्हणून निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढा, प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने, आणि गुण चर्चेआधी ज्याने त्याने आपापले लिहायचे. चर्चा आधी झाली की वरिष्ठाचं मत सगळ्यांचं होतं. ‘आपल्यात बसेल असं वाटत नाही’ हे कुणी म्हणालं तर विचार, कोणत्या निकषात?

ऑफिसातलं प्रकरण पुढे वाढलं तर त्याच दिवशी टिपण ठेव: तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे भेदभावाची तक्रार करायला 180 दिवसांची मुदत असते, बऱ्याच राज्यांत 300. पण तक्रार करायची की नाही हे तिचं. साक्षीदाराचा सूड घ्यायला कायद्याने बंदी आहे, तरी तुझी नोकरी गेली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर देशात राहायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात, हेही विसरू नकोस. भीती वाटणं गैर नाही. मोजून पाऊल टाक.

सोमवारी तिला एवढाच मेसेज कर: ‘त्या मीटिंगमध्ये मुद्दा तुझा आहे हे मी लगेच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मिनिट्समध्ये दुरुस्ती सुचवू का?’ माफीची लांबण नको, नाहीतर तुझी समजूत घालायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. ‘नको’ म्हणाली तर नको. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नकोस.

तुझा,
शिरीष