‘कुठे दुखतंय?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. तरी पहिल्या दिवशी तोंडातून ‘ताई’ निघालं आणि तेच राहिलं. हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागत राहणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, घेऊन जगणाऱ्या आणि अंगातलं दुखणं गिळून बसलेल्या माझ्यासारख्या कुणाच्या तरी नजरेस ते पडावं, एवढंच मनात आहे.

आजार कळून ९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला खोकला विचारला, कफाचा रंग विचारला, किती पायऱ्यांनंतर दम लागतो ते विचारलं. ‘कॅट’ नावाचा तो ८ प्रश्नांचा फॉर्म तर मला पाठ झालाय. छाती आवळल्यासारखी वाटते का, झोप लागते का, घराबाहेर पडायचा धीर होतो का, हे सगळं त्यात आहे. दुखतं का, हे मात्र कुठेच नाही. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. फुप्फुसाचा आजार म्हणजे दम, दुखणं असेल ते वयाचं, असं मनाशी धरून बसले. रात्री कूस बदलताना जीव जायचा. केस विंचरायला हात वर नेला की मान आणि खांदे भरून यायचे. मुलीला सांगायचे, “दम लागतो गं, तूच विंचर.”

तुम्ही मला चालायला लावण्याआधीच विचारलंत, “कुठे दुखतंय?” मी म्हटलं, “कुठे नाही.” त्यावर तुम्ही समोर येऊन बसलात. “मग खांदे असे कानाशी का आलेत?” मला रडूच आलं, ताई. रडताना दम लागला, तेव्हा ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायला लावलात आणि मी शांत होईपर्यंत थांबलात.

मग एकेक जागा घेऊन विचारत गेलात. ठणकतं की सलतं? कळ येते की चमक निघते? सकाळी आखडलेलं असतं की संध्याकाळी? मी जो शब्द सांगेन तोच कागदावर लिहिलात. मान ‘भरून येते’, बरगडीत खोकताना ‘चमक निघते’, पाठीच्या मधोमध ‘कळ येते’. मला वाटत होतं एकच दुखणं आहे. तुम्ही त्याची तीन केलीत.

मानेचं कारण तुम्ही स्वतःचा हात घुमटासारखा धरून दाखवलंत. आत हवा अडकून छाती फुगलेली राहते, त्यामुळे खालचं श्वासपटल, म्हणजे श्वास आत ओढणारा स्नायूचा पडदा, सपाट होतं आणि त्याची ओढ कमी पडते. मग मानेचे, खांद्यांचे स्नायू बरगड्या वर उचलायला धावतात. माझे श्वास मोजलेत तर स्वस्थ बसूनही मिनिटाला २४ भरले. घरी जाऊन मी हिशेब केला. दिवसाचे ३४,००० च्या वर होतात. एवढ्या वेळा ओझं उचलणारी मान दुखणार नाही तर काय होईल! त्या दिवसापासून मी तिच्यावर चिडायची थांबले.

बरगडीच्या चमकेसाठी तुम्ही मला लगेच डॉक्टरांकडे पाठवलंत, कारण जोराच्या उबळीने बरगडी तडकूही शकते. एक्स-रेत बरगडी शाबूत निघाली. दिसला तो पाठीचा एक दबलेला मणका. दम वाढला की स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स होत होते, त्यातून हाडं झिजत गेली होती. पुढे हाडांची घनता तपासली, औषध सुरू झालं. ‘कळ’ हा माझा एक शब्द तुम्ही सोडून दिला असता तर दुसरा मणकाही गेला असता, असं मला राहून राहून वाटतं.

आणि त्या गोळ्या! नात्यातल्या एकीने मायेनेच दिल्या होत्या, रात्री झोप लागावी म्हणून. पाकिटावरचं नाव वाचून तुमचा चेहरा बदललेला मी पाहिला. अफूच्या जातीच्या वेदनाशामकाने श्वास मंदावू शकतो, माझ्यासारखीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचंच नाही, हे तुम्ही न रागावता सांगितलंत. रागावला असतात तर मी पाकीट लपवलं असतं.

दुखलं की श्वास वरवरचा आणि घाईचा होतो, हवा आणखी अडकते, मान आणखी राबते, भीती वाटते, परत दुखतं. या चक्रातून बाहेर काढायला तुम्ही ८ आठवडे घेतलेत. खोकताना उशी बरगड्यांशी घट्ट धरायची. जोर लावून खोकण्याऐवजी आरशावर वाफ सोडावी तसा ‘हाऽ’ करून कफ वर आणायचा. दम लागला की टेबलावर कोपर टेकून पुढे झुकायचं. कंबरेतून वाकायचं नाही, हे मणक्यासाठी. कधी कधी मी चार पावलांत बसायचे आणि तुम्ही माझ्या बाजूला बसायचात, घड्याळाकडे न बघता.

सगळ्यात उपयोगाची ठरली ती वही. एका रकान्यात दम, दुसऱ्यात दुखणं, दोन्ही ० ते १० मध्ये. पहिल्या आठवड्यात दोन्ही आकडे सारखेच पडायचे, कारण मला ते वेगळे करताच येत नव्हते. आता येतात. दम ५ आणि दुखणं २ असेल तर मी थांबत नाही, वेग कमी करून चालते. दुखणं एकदम वाढलं, छातीत अचानक नवीन ठिकाणी आलं, तर वाट बघायची नाही, हेही पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात आहे.

दम गेलेला नाही, जाणारही नाही, तुम्ही तसं कधी भासवलंही नाहीत. पण काल कोपर टेबलावर टेकून केस मी माझे विंचरले. मुलगी दारात उभी होती, तिला म्हटलं, थांब, गरज लागली तर हाक मारते.

शुक्रवारी येते आहे. बरगडी चमकत नाही. पाठ ३ वर आहे, मान आज ४. वही बरोबर आणते.

तुमची,
खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसलेली