तीळ जाळण्याआधी तपासा

संपादक महोदय,

‘तीळ, चामखीळ पाच मिनिटांत गायब’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. चामखीळ गेली तर उत्तमच. पण उतारवयात नाकावर, कानावर किंवा पापणीच्या कडेला उठलेली, मधूनच रक्त येणारी, खपली धरून पुन्हा चिघळणारी पुळी ‘बेसल सेल कार्सिनोमा’, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, असू शकते. सावळ्या त्वचेवर ती अनेकदा काळसर दिसते, म्हणून तीळच वाटते. हा कर्करोग शरीरात क्वचितच पसरतो, मात्र जागच्या जागी नाक-पापणी पोखरतो. लहान, कमी जोखमीची गाठ भोवतालच्या सुमारे ४ मिमी निरोगी त्वचेसह कापली की बहुतेकदा काम भागते. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे तिथे कर्करोग उरलेला नाही ना, हे तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट सांगतो. पापणीवर एवढी त्वचा घालवणे परवडत नाही. तिथे १९३०च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक मोझ यांनी सुरू केलेली, एकेक थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची, म्हणजे गरजेपुरतीच त्वचा काढण्याची पद्धत कामी येते. लेझरने जाळल्यावर मात्र तपासायला काही उरतच नाही! बायोप्सीशिवाय (तुकडा काढून तपासल्याशिवाय) असे संशयास्पद तीळ जाळण्यास आरोग्य खात्याने मनाई करावी, आणि पार्लरवाल्यांना तर त्यांना हातही लावू देऊ नये.

– एक वाचक, सांगली