वायदांचे नाव घेताना क्रिस्टिना यांडा यांचेही घ्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जागतिक चित्रपटांविषयी येणारे लेखन मी अनेक वर्षे आवर्जून वाचतो. पोलंडच्या चित्रपटांचा विषय निघाला की त्यात आंद्रे वायदा, क्रिस्टोफ किश्लोव्स्की, क्रिस्टोफ झानुसी या दिग्दर्शकांची नावे येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र ज्या अभिनेत्रीच्या चेहऱ्याने, आवाजाने आणि अगदी चालण्याच्या ढबीनेही १९७७ नंतरचा पोलिश चित्रपट जगभर ओळखला गेला, त्या क्रिस्टिना यांडा यांचा उल्लेख कंसातल्या नावापलीकडे जात नाही. हा दोष एकट्या आपल्या पुरवणीचा नाही. चित्रपट दिग्दर्शकाच्या नावाने पाहायला आम्हाला फिल्म सोसायट्यांनी शिकवले आणि त्या शिक्षणाचे आमच्यावर मोठे ऋण आहे. पण त्याच सवयीने नटनट्यांचे काम दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होत गेले. यांडा यांच्या बाबतीत तर हा फार मोठा अन्याय आहे, असे मला वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

यांडा यांचा जन्म १९५२ सालचा, स्टाराखोविट्से या गावचा. वॉर्साच्या सरकारी नाट्यविद्यालयातून त्या १९७५ मध्ये बाहेर पडल्या आणि लगेचच वायदांनी त्यांना 'मॅन ऑफ मार्बल'मध्ये घेतले. या चित्रपटाची संहिता साठीच्या दशकापासून परवानगीची वाट पाहत पडून होती. स्टालिनच्या काळात 'आदर्श कामगार' म्हणून डोक्यावर घेतलेला आणि नंतर अडगळीत टाकलेला बिर्कुट नावाचा एक गवंडी, आणि त्याच्यावर पदवीसाठी माहितीपट करायला निघालेली अग्निएश्का ही विद्यार्थिनी, अशी ती कथा आहे. पंचविशीही न गाठलेल्या यांडा यांनी अग्निएश्का अशी उभी केली की प्रेक्षकाला ती आवडावी यासाठी एकही सवलत घेतली नाही. डेनिमचे कपडे, खांद्यावर भली मोठी झोळी, ओठांत सिगारेट आणि ढांगा टाकत चालणे, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याइतकाही धीर नाही. काही प्रसंगांत ती पाहणाऱ्याला असह्य होते. संग्रहालयाच्या कुलूपबंद कोठारात शिरून, तिथे आडव्या पडलेल्या बिर्कुटच्या संगमरवरी पुतळ्यावर बसून ती हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण करते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तिथे संवाद जवळजवळ नाहीत. एका तरुण मुलीचे शरीर एका अख्ख्या राजवटीने झाकून ठेवलेल्या वस्तूला भिडते, एवढेच आपण पाहतो. वायदांची बुद्धी त्यामागे आहे हे निःसंशय. पण तो प्रसंग त्या मुलीच्या घाईवर उभा आहे आणि ती घाई यांडा यांची आहे. १९७८ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला.

पुढचे १९८१ हे वर्ष तर कोणाही कलावंताच्या वाट्याला क्वचितच यावे असे होते. ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कामगारांच्या संपावरील 'मॅन ऑफ आयर्न'ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात अग्निएश्का पुन्हा आहे, आता बिर्कुटच्या मुलाची पत्नी म्हणून, आणि तिच्या लग्नप्रसंगी साक्षीदार म्हणून त्या संपाचे नेते लेक वावेन्सा स्वतः पडद्यावर दिसतात. त्याच महोत्सवात हंगेरीच्या इस्तवान साबो यांच्या 'मेफिस्टो'ला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि पुढे परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. त्यात नाझींशी जमवून घेणाऱ्या नटाच्या, अखेर देश सोडून जाणाऱ्या पत्नीची भूमिका यांडा यांनी केली आहे. एकाच महोत्सवात गौरवल्या गेलेल्या दोन देशांच्या दोन चित्रपटांत एकच अभिनेत्री होती, आणि तरीही आमच्याकडे त्या दोन्हींविषयी लिहिताना हा धागा कोणी उचलल्याचे मला आठवत नाही.

त्या वर्षी १३ डिसेंबरला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. रिशार्द बुगायस्की यांचा 'इंटरोगेशन' हा चित्रपट नेमका याच सुमारास आकाराला येत होता. १९८२ मध्ये तो पुरा झाला आणि लगेच त्याच्यावर बंदी आली. ज्या चित्रपट-गटाने तो तयार केला त्याचे प्रमुख वायदा होते. तो गट सरकारने पुढे बरखास्त केला आणि बुगायस्कींना देश सोडून कॅनडाला जावे लागले. चित्रपट मात्र व्हिडिओ कॅसेटवर उतरून हातोहात फिरत राहिला. पोलंडमधल्या लोकांनी तो घरात, पडदे ओढून, पुसट प्रतींवर पाहिला. रीतसर प्रदर्शन व्हायला डिसेंबर १९८९ उजाडला, म्हणजे कम्युनिस्ट राजवटच बदलावी लागली. मे १९९० मध्ये कानला यांडा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या भूमिकेला आठ वर्षे होऊन गेली होती.

या भूमिकेवर मी थोडे थांबणार आहे, कारण माझे म्हणणे मुख्यतः तिच्यावर आधारलेले आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी, टोनिया नावाच्या एका कॅबरे गायिकेला, ती मद्याच्या नशेत असताना, गुप्त पोलीस उचलून नेतात. तिला राजकारणाचे काही कळत नाही. एका परिचित अधिकाऱ्याविरुद्ध तिने खोटी साक्ष द्यावी एवढेच त्यांना हवे आहे. सुरुवातीला ती हसते, लाडीगोडी लावते, रडते, विनवते, कारण आजवर तिचे सगळे याच मार्गाने भागले आहे. मग तिला एका अरुंद कोठडीत उभे करून तिथे पाणी सोडले जाते आणि अशा अनेक गोष्टी घडतात. त्यातून ती हळूहळू अशी स्त्री होत जाते की तिच्याकडून सही मिळणार नाही हे चौकशी करणाऱ्यांनाही उमगते. टोनियाला आपण धैर्यवान आहोत हे शेवटपर्यंत ठाऊक नसते, आणि यांडा ते कुठेही दाखवून देत नाहीत, हे मला त्या अभिनयाचे सर्वांत अवघड अंग वाटते. हुतात्म्याचा आव आणणे तिथे फार सोपे होते. जवळजवळ सारा चित्रपट बंद खोल्यांत घडतो आणि डोळ्यांना विसावा देणारे दुसरे काही नसल्यामुळे दोन तास आपण त्या एका चेहऱ्यात होणारे बदल वाचत राहतो. अशा चित्रपटाचे श्रेय देताना केवळ दिग्दर्शकाचे नाव पुरे पडते असे कोणी म्हणू शकेल का?

बंदीच्या त्या वर्षांत यांडा काम करीतच होत्या. किश्लोव्स्कींच्या 'डेकॅलॉग' या दहा भागांच्या चित्रमालिकेचा दुसरा भाग आमच्याकडे अनेकांनी पाहिला आहे. नवरा मृत्युशय्येवर, पोटात दुसऱ्याचे मूल, आणि नवरा जगणार की नाही एवढे सांगा म्हणून म्हाताऱ्या डॉक्टरच्या दारात सिगारेट ओढत उभी राहिलेली डोरोटा म्हणजे यांडाच. कानच्या पुरस्काराच्या वर्षीच त्यांनी 'शर्ली व्हॅलेंटाइन' हा एकपात्री प्रयोग वॉर्सात सुरू केला आणि वर्षानुवर्षे चालू ठेवला. १९९२ मध्ये सान सेबास्टियन महोत्सवातही त्यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

परदेशात नाव झालेल्या अभिनेत्रीने मुक्काम हलवावा, अशी आपली एक अपेक्षा असते आणि बातम्याही त्याच अंगाने लिहिल्या जातात. यांडा यांनी वॉर्सा सोडले नाही. मार्शाल्कोव्स्का रस्त्यावरच्या एका जुन्या चित्रपटगृहात २००५ मध्ये त्यांनी 'पोलोनिया' हे स्वतःच्या प्रतिष्ठानाचे नाट्यगृह उघडले आणि २०१० मध्ये दुसऱ्या एका जुन्या चित्रपटगृहात 'ओख' हे नाट्यगृह सुरू केले. उन्हाळ्यात जवळच्या चौकात रस्त्यावर विनामूल्य प्रयोग करण्याची प्रथाही त्यांच्या संस्थेने पाडली. नाट्यसंस्था चालवणे म्हणजे काय असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको, आणि म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल.

२००९ मधील 'स्वीट रश' या वायदांच्याच चित्रपटाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. यांडा यांचे पती एडवर्ड क्वोशिन्स्की हे नामांकित छायाचित्रणकार होते. 'मॅन ऑफ मार्बल' त्यांनीच चित्रित केला होता. २००८ च्या जानेवारीत कर्करोगाने ते गेले. त्यानंतर झालेल्या या चित्रपटात मूळ कथेच्या मध्ये यांडा स्वतः एका रिकाम्याशा खोलीत पतीच्या अखेरच्या दिवसांविषयी बोलतात, आणि ते स्वगत त्यांनी स्वतः लिहिलेले आहे. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला आल्फ्रेड बाउअर पुरस्कार मिळाला. नटी आणि लेखिका यांतली सीमा इथे पुसली गेली आहे. दिग्दर्शकाने केलेले मोठे काम म्हणजे त्याने तिला अडवले नाही. पुढे २०१९ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, याचेक बोर्त्सुख यांच्या 'दोल्चे फिने जोर्नाता'मध्ये इटलीत राहणाऱ्या नोबेल-विजेत्या पोलिश कवयित्रीची भूमिका त्यांनी केली आणि अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्यांना अभिनयाचा खास परीक्षक पुरस्कार मिळाला.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, पुरवणीत पोलिश चित्रपटांवर पुढील लेख येईल तेव्हा यांडा यांच्या अभिनयावर स्वतंत्रपणे लिहिले जावे, आणि तो लेख चित्रपटांच्या कालानुक्रमाने न लिहिता 'इंटरोगेशन'पासून सुरू करावा. ही भूमिका १९८२ ची आणि पुरस्कार १९९० चा, हे दोन्ही त्यात शेजारी शेजारी छापले जावे. लेखासोबत नेहमी येते तसे चित्रीकरणस्थळी उभ्या असलेल्या दिग्दर्शकाचे छायाचित्र न छापता, या वेळी टोनियाचे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे