यवतेश्वर घाटात दिवे नकोत, पांढरे पट्टे हवेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला रात्रीचं फिरणं म्हटलं की पहिल्यांदा यवतेश्वर घाटच आठवतो. जेवणं उरकली की समर्थ मंदिर मागे टाकून गाडी घाटाला लावायची, आणि दोन-चार वळणं चढली की खाली अख्खं शहर उघडं होतं. अजिंक्यताऱ्याचा काळा डोंगर, त्याच्या पायथ्याला राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पसरलेले दिवे आणि त्यापलीकडे पुणे-बंगळूर हायवेवरची हलणारी रांग. पाहुणे आले की आम्ही त्यांना दिवसा कास दाखवतो, पण त्यांच्या लक्षात राहतो तो रात्रीचा घाटच, हे मी किती वेळा बघितलंय.

पत्र लिहायचं कारण असं की हल्ली कट्ट्यावर, व्हॉट्सअपवर सारखं कानावर येतं की घाटात अंधार फार आहे, हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) लावा, रंगीत लाइटिंग करा, टुरिस्ट वाढतील. माझा याला मनापासून विरोध आहे. अहो, डोक्यावर पांढरा एलईडी लखलखत असेल तर खालचं शहर दिसणार कसं? डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती एका झगझगीत दिव्याने क्षणात मोडते. म्हणजे जे बघायला माणसं वर येतात तेच आपण पुसून टाकणार.

आणि हा रस्ता काही नुसता आपला नाही. पुढे कासचं पठार आहे, 2012 पासून जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग. मेच्या शेवटी वळीव पडून गेला की झाडीत काजवे लागतात, नर-मादी एकमेकांना शोधतात ते त्या उजेडाच्या खुणेवरच, तिथे प्रखर दिवे आले की त्यांची भेटच होत नाही. रात्री साळिंदर, भेकर रस्ता ओलांडतात, गवेसुद्धा या डोंगरात आहेत, आणि डोळ्यावर लाइट पडला की जनावर पळून न जाता जागीच थिजतं.

धोका नाही असं मी अजिबात म्हणत नाही. पण घाटात दिवे नाहीत म्हणून जितके अपघात होतात त्यापेक्षा चालवण्याच्या सवयींमुळे जास्त होतात असं मला वाटतं. समोरून गाडी येतेय तरी अप्पर (लांबवर पडणारा हेडलाइट) सोडायचा नाही, धुकं असलं तर तोच अप्पर मारायचा (धुक्यात तो उलटा आपल्याच डोळ्यावर येतो, डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाइटवर, रस्ता जास्त दिसतो), उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची, मग ब्रेक तापून लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, दुसरी गोष्ट तर नियमातच आहे, पण पाळतं कोण? आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऐन वळणावर गाडी उभी करून फोटो काढणं, बाटल्या फोडणं, डेकचा आवाज पूर्ण सोडणं. कठड्यावर बसलेल्या पोरांना बघितलं की पोटात गोळा येतो.

म्हणून मागणी एवढीच आहे. रस्त्याच्या कडेला आणि मध्ये ठळक पांढरे पट्टे मारा, कॅट आय (गाडीच्या उजेडात चमकणारे रस्त्यावरचे खडे) बसवा, आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे लावा, कठडा जिथे खचलाय तिथे नीट बांधून त्यावर रिफ्लेक्टर लावा. हे सगळं गाडीच्याच उजेडात चमकतं, वेगळं वीजबिल नाही. रस्ता रुंद आहे अशा ठिकाणी दहा-पंधरा गाड्या थांबतील एवढी जागा आखून द्या म्हणजे लोक वळणावर थांबणार नाहीत, तिथे कचऱ्याचा डबा ठेवा आणि शनिवार-रविवारी रात्री पोलिसांची एक गाडी फिरू द्या, बायका-पोरींना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना तेवढाच आधार. पावसाळ्यात दरडी पडतात तेव्हा मात्र रात्री घाट सरळ बंदच ठेवावा, त्यावर कोणी ओरडलं तरी.

ही कामं पावसाने उघडीप दिली की लगेच घेता येतील, कासला फुलांची गर्दी सुरू व्हायच्या आत पट्टे तरी मारून व्हावेत. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक सातारकर वाचक